'घासा. घासू नका.' : स्क्रब आणि स्काउर यांच्यात सापडलेल्या एका वाक्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

स्वयंपाकाची भांडी बनवणाऱ्या एका उत्पादकाची निगा-पुस्तिका इंग्रजीतून मराठीत आणण्याचं काम आमच्याकडे आलं होतं. पुस्तिका छोटी आणि मजकूर सोपा होता. भांडी तीन तऱ्हांची होती: स्टीलची, काचेची आणि आतून न चिकटणारा थर दिलेली. भाषांतर करणारी मुलगी कामाला नवी असली तरी तिचं इंग्रजी पक्कं होतं. तिचा मजकूर तपासायचं काम माझ्याकडे होतं. उत्पादक आणि माणसं ओळखू येतील असे तपशील इथे गाळले आहेत.

थर दिलेल्या तव्याच्या पानावर मूळ इंग्रजीत दोन छोटी वाक्यं होती: "स्क्रब विथ अ सॉफ्ट ब्रश. डू नॉट स्काउर." सगळे मिळून आठ शब्द. माझ्याकडे आलेल्या मराठी मसुद्यात त्या जागी होतं: "मऊ ब्रशने घासा. घासू नका."

मी हसले. नवखी मंडळी घाईत एखादं वाक्य दोनदा टाइप करतात, त्यातलाच हा प्रकार असेल असं मला वाटलं. दुसरं वाक्य मी खोडलं. भाषांतराच्या सॉफ्टवेअरने लगेच खूण दाखवली की मुळातल्या एका वाक्यापुढची मराठी जागा रिकामी आहे. मी 'दुर्लक्ष करा' दाबलं आणि पुढच्या पानाकडे वळले. मुळातलं वाक्य शेजारच्याच रकान्यात होतं, पण मी तिकडे पाहिलं नाही. मराठी वाक्य इतकं उघड चुकीचं होतं की इंग्रजीशी ताडून पाहावं असं मनातही आलं नाही.

त्या दोन वाक्यांना तिने टिप्पणी जोडली होती, हे मला नंतर कळलं. "दोन वेगळी क्रियापदं आहेत, मराठीत एकच सुचतंय, कृपया पाहावं." तपासणीच्या वेळी मी टिप्पण्या लपवून ठेवते, कारण त्यांनी पान भरून जातं.

अडचण

पुस्तिका छापून गेली. काही काळाने उत्पादकाच्या सेवा विभागाकडून निरोप आला: तव्याचा थर खराब झाल्याच्या तक्रारी येताहेत, बारीक गोलाकार ओरखडे दिसताहेत, आणि ग्राहक मराठी पुस्तिकेकडे बोट दाखवताहेत. माझी पहिली प्रतिक्रिया बचावाची होती. आम्ही तर 'मऊ ब्रशने' असं स्पष्ट लिहिलं होतं. लोकांनी तारेची घासणी वापरली असेल, तर त्याला आम्ही काय करणार?

उत्पादकाच्या अभियंत्याने मात्र ग्राहकाला एक साधा प्रश्न विचारला होता. तवा नेमका कसा घासला? ग्राहकाने ब्रश मऊच वापरला होता. त्यावर भांडी घासायची पावडर टाकली होती.

म्हणजे छापलेल्या वाक्यातला शब्द न् शब्द त्याने पाळला होता. पावडरीला मनाई करणारं वाक्य मी खोडून टाकलं होतं.

त्या दुपारी भाषांतर करणाऱ्या मुलीला फोन केला. ती जरा थांबून म्हणाली, "ताई, मी ते वाक्य चुकून नव्हतं लिहिलं." पुढे काहीच बोलली नाही. तिच्या जागी मी असते तर पुष्कळ बोलले असते.

दोन क्रियापदांत फरक कुठे आहे

शब्दकोशात दोन्हींचे अर्थ जवळजवळ सारखेच दिसतात: जोर लावून घासणे, घासून स्वच्छ करणे. म्हणून बरेच जण फरक जोरात शोधतात. स्क्रब म्हणजे थोडं घासणं आणि स्काउर म्हणजे खूप घासणं, असं सांगून मोकळे होतात. मीही अनेक वर्षं तसंच समजत होते. पण इंग्रजीत खसाखसा घासण्यालाही स्क्रबच म्हणतात. फरशीवर गुडघे टेकून, घाम गाळत ब्रश फिरवणारा माणूस स्क्रबच करत असतो. तेव्हा जोर ही काही खूण नाही.

काम कोण करतं, इथे खरा फरक आहे. स्क्रब करताना मळ सुटतो तो साबण, पाणी आणि ब्रशच्या केसांची पुढेमागे हालचाल यांमुळे. मळ सैल करून उचलला जातो आणि खालचा पृष्ठभाग होता तसाच राहावा अशी अपेक्षा असते. स्काउर करताना मधे कठीण, खरखरीत असं काहीतरी असतं: पावडरीतले खनिजाचे कण, खरखरीत घासणीत बसवलेले कण किंवा तारेच्या धारदार कडा. मळ कापून, खरवडून निघतो. मळ आणि पृष्ठभाग यांतला फरक त्या कणांना कळत नाही, त्यामुळे कणापेक्षा मऊ असलेलं सगळंच थोडंथोडं झिजतं.

याचं मोजमापही आहे. खनिजांच्या काठिण्याची १ ते १० अशी श्रेणी फ्रीडरिश मोस यांनी १८१२ साली मांडली. तीत शंखजिरं १ वर, कॅल्साइट ३ वर, फेल्डस्पार ६ वर, क्वार्ट्झ ७ वर आणि हिरा १० वर आहे. घासायच्या पावडरींत कॅल्साइट, फेल्डस्पार किंवा क्वार्ट्झ यांपैकी काहीतरी सापडतं. हिरव्या खरखरीत घासणीत बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण असतात आणि ते ९ च्या आसपास बसतात. साधी काच साडेपाचच्या जवळ आहे. म्हणून कॅल्साइटच्या मलमाने काच घासली तर सहसा काही होत नाही, क्वार्ट्झच्या पावडरीने मात्र चरे पडतात. न चिकटणारा थर या सगळ्यांच्या तुलनेत फारच मऊ असतो. त्याला कॅल्साइटही पुरतं.

एक आडवळण. स्काउरचं मूळ शोधत मागे गेलं की लॅटिनमधलं 'क्युरारे' हे क्रियापद लागतं. त्याचा अर्थ काळजी घेणे. 'क्युअर' हा शब्दही त्याच घरातला. आमच्या तव्याची काळजी घेतली गेली ती अशी.

मराठीत गाठ कुठे पडते

'घासणे' हे क्रियापद फार उदार आहे. दात, भांडी, फरशी, पाय, काडेपेटीची काडी, सगळं आपण घासतो. साधन आणि जोर क्रियापदात नसतात, ते बाहेरून येतात: ब्रशने घासणे, तारेने घासणे, खसाखसा घासणे, हलक्या हाताने घासणे. इंग्रजीत स्काउर म्हटलं की कण शब्दातच आलेले असतात. मराठीत ते वेगळे सांगितले नाहीत तर वाक्यात येतच नाहीत. नवख्या मुलीचा मसुदा हास्यास्पद दिसला तो यामुळे. तिने क्रियापदं बरोबर बदलली होती, पण इंग्रजी क्रियापदाच्या पोटातली वस्तू मागेच राहिली होती.

मराठीत घासण्याच्या कुळातले शब्द कमी आहेत असंही नाही. चोळणे, रगडणे, खरवडणे, खरडणे, घोटणे, उगाळणे, घसटणे असे कितीतरी शब्द आहेत आणि प्रत्येकाचं काम ठरलेलं आहे. चोळण्यात हात किंवा बोटं आहेत. घोटण्यात गुळगुळीत करणं आहे. उगाळण्यात घासली जाणारी वस्तूच हवी असते, ती झिजून पाण्यात उतरावी म्हणूनच ती घासायची. कणांनी घासण्यासाठी वेगळं क्रियापद मात्र माझ्या तरी ओळखीचं नाही. आहे तो 'घासणे', आणि तो दोन्हीकडे चालतो.

कोणते पर्याय तोलले

त्या एका शब्दावरून चांगलीच घासाघीस झाली. फोनवर मी, भाषांतर करणारी मुलगी, कामाचा समन्वयक आणि उत्पादकाचा अभियंता असे चौघे होतो.

समन्वयकाने सुचवलं की "मऊ ब्रशने हलक्या हाताने घासा" एवढं पुरे. वाक्य छोटं आहे, छापायला सोपं आहे. मलाही पटलं होतं. अभियंत्याने ते मोडून काढलं. झीज किती होईल याचं एक जुनं, कामचलाऊ सूत्र आहे, आर्चर्ड यांनी १९५३ साली मांडलेलं. झीज दाबाच्या आणि घासल्या गेलेल्या अंतराच्या प्रमाणात वाढते आणि पृष्ठभाग जितका कठीण तितकी कमी होते. हात हलका केला की दाब कमी होतो, ठीक. पण हलक्या हाताने मळ निघत नाही म्हणून माणूस जास्त वेळ घासतो आणि अंतर वाढतं. शिवाय कण तिथेच राहतात. पावडर टाकून हलक्या हाताने घासलेला तवा उशिरा खराब होईल, एवढाच काय तो फरक. 'हलक्या हाताने' हा शब्द ग्राहकाला जोराबद्दल सांगतो, आणि आमची चूक जोराची नव्हतीच.

दुसरा पर्याय माझा होता: "खरडू नका" किंवा "खरवडू नका". ऐकायला नेमका वाटतो. पण खरवडायला कड लागते. उलथन्याची, चमच्याची, नखाची. इंग्रजीत त्याला स्क्रेप म्हणतात, ते तिसरंच क्रियापद. "खरवडू नका" वाचून ग्राहक उलथनं बाजूला ठेवेल आणि पावडर निर्धास्तपणे टाकेल. भाषांतर करणाऱ्या मुलीने आणखी एक अडचण दाखवली. त्याच पुस्तिकेत स्टीलच्या पानावर चिवट डाग 'स्काउर' करा असं सांगितलं होतं. एकच शब्द दोन्हीकडे ठेवला तर स्टीलचा तळ खरवडा असा सल्ला छापावा लागला असता.

तिसरा पर्याय म्हणजे इंग्रजी शब्दच देवनागरीत ठेवणं. "स्क्रब करा, स्काउर करू नका." स्काउर कोणालाच कळणार नाही, हे उघड आहे. पण माझ्या मते जास्त धोका स्क्रबमध्ये होता. तो शब्द मराठीत आला आहे आणि येताना बदलला आहे. आपण 'स्क्रबर' म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर येते ती स्टीलच्या तारांची गुंडाळी किंवा हिरवी खरखरीत घासणी. इंग्रजी जिला स्काउरिंगचं साधन म्हणेल, तीच. "स्क्रब करा" वाचून हात नेमका नको त्या वस्तूकडे गेला असता. चेहऱ्याला लावायच्या 'स्क्रब'मध्येही कण असतातच, म्हणजे ही सरमिसळ खुद्द इंग्रजीतही झालेली आहे.

चौथा पर्याय मुलीचाच होता. क्रियापद राहू दे, वस्तूंची नावं लिहू या. माझी हरकत लांबीची होती, कारण आठ शब्दांच्या जागी वीसच्या वर शब्द गेले असते. समन्वयकाची हरकत वेगळी होती: मुळात नसलेल्या वस्तूंची यादी आपण कशी घालायची? हा प्रश्न योग्य होता आणि त्याचं उत्तर एकट्या भाषांतरकाराने द्यायचं नसतं. आम्ही अभियंत्याला विचारलं की स्काउर म्हणताना तुमच्या मनात कोणत्या वस्तू होत्या. त्याने तीन नावं घेतली. मग ती नावं आमच्या कल्पनेतली राहिली नाहीत.

काय केलं

नवा मजकूर असा ठरला: "आतला भाग मऊ ब्रश, पाणी आणि भांड्यांचा द्रव साबण वापरून घासा. घासायची पावडर, तारेची घासणी किंवा हिरवी खरखरीत घासणी वापरू नका. थरावर ओरखडे पडतात."

शेवटचे तीन शब्द मुळात नव्हते. ते ठेवायचे की नाही यावर बराच वेळ गेला. ठेवले, कारण मनाईमागचं कारण कळलं की यादीत नसलेली चौथी वस्तू हातात घेतानाही माणूस थांबतो. उत्पादकाची लेखी संमती घेतली.

छापलेल्या पुस्तिका रद्द करायच्या की त्यांत चिठ्ठी घालायची, हा निर्णय उत्पादकाचा होता. त्यांनी विक्रीला न गेलेल्या पुस्तिकांत त्या पानावर चिकटपट्टी लावली आणि पुढच्या छपाईत मजकूर बदलला.

छपाईआधी एक गोष्ट आम्ही पहिल्यांदाच केली. ज्यांनी इंग्रजी मजकूर पाहिलेला नाही अशा काही जणांना नवं वाक्य वाचायला दिलं आणि विचारलं, "हे वाचून तुम्ही हातात काय घ्याल?" 'समजलं का' असं मुद्दाम विचारलं नाही. त्यावर सगळे हो म्हणतात, जुन्या वाक्यालाही म्हणाले असते.

परिणाम, आणि त्यातून निघालेली दुसरी चूक

थराच्या तक्रारींचं कारण म्हणून मराठी पुस्तिकेचं नाव नंतर आमच्यापर्यंत आलं नाही. ते नव्या वाक्यामुळे की लोक आपसूकच शहाणे झाल्यामुळे, हे सांगण्याइतकी माहिती आमच्या हाती नाही.

प्रकरण इथे संपायला हवं होतं. पण मी शिकलेला धडा उत्साहाने शब्दसंग्रहात घातला. सॉफ्टवेअरच्या सामाईक सूचीत नोंद केली: स्क्रब म्हणजे ब्रशने घासणे, स्काउर म्हणजे खरखरीत वस्तूने घासणे. पुढे लोकर प्रक्रियेवरचा मजकूर आला आणि सूचीने इमानेइतबारे सुचवलं: "कच्ची लोकर प्रथम खरखरीत वस्तूने घासावी."

लोकरीचं स्काउरिंग म्हणजे कच्ची लोकर गरम पाण्यात, साबणासारख्या द्रव्यात धुऊन तिच्यातली चरबी, मेंढीचा घाम आणि माती काढणं. तिथे घासणं नसतंच. उलट लोकर फार ढवळली तर तंतू एकमेकांत अडकून तिचा नमदा होतो, म्हणून हालचाल शक्य तितकी कमी ठेवतात. मी नोंदवलेला अर्थ इथे नेमका उलटा पडत होता. सुदैवाने तो मजकूर त्याच मुलीकडे होता. तिने या वेळी टिप्पणी लिहिली नाही, थेट फोन केला.

मग दोन्ही शब्द आम्ही जरा नीट उलगडून पाहिले. पुलांच्या बाबतीत स्काउर म्हणजे खांबाच्या पायाशी वाहत्या पाण्याने नदीचा तळ खणला जाणं. घासणारा माणूस नाही, ब्रश नाही, स्वच्छता नाही. कारखान्याच्या धुराड्यातला स्क्रबर वायूवर द्रवाचे फवारे मारून त्यातली घातक द्रव्यं शोषून घेतो. चुनखडीच्या पाण्याने सल्फर डायऑक्साइड काढतात, तो हाच प्रकार. ब्रश तिथेही नाही. इंग्रजीने दोन्ही शब्द घासण्यापासून दूर नेले आहेत: एकातून 'उकरून नेणे' उरलं, दुसऱ्यातून 'काढून टाकणे'. त्यामुळे 'हा इंग्रजी शब्द, हा त्याचा मराठी शब्द' अशी एका ओळीची नोंद इथे चालणारच नव्हती. आता दोन्ही नोंदींत विषयवार ओळी आहेत आणि प्रत्येक ओळीत एक रकाना जास्तीचा आहे: 'कशाने?'

वेगळं काय करता आलं असतं

पहिला निर्णय माझा होता आणि तोच सर्वांत स्वस्तात सुधारता आला असता. विचित्र दिसणारं वाक्य खोडण्याआधी मूळ वाक्य वाचायचं. हा नियम मला तेव्हाही ठाऊक होता. मजकूर सोपा असल्यामुळे मी तो पाळला नाही. अवघड मजकुरात अशी चूक माझ्याकडून झाली नसती असं मला अजूनही वाटतं. तिथे प्रत्येक शब्दाकडे संशयाने पाहिलं जातं, 'घासा'कडे कोण पाहणार?

सॉफ्टवेअरची खूण बंद करण्याबद्दल मात्र मी स्वतःला तितका दोष देत नाही. ते दिवसभर खुणा दाखवतं, त्यांतल्या बहुतेक निरर्थक असतात. बदल करायचा तर तो सॉफ्टवेअरच्या मांडणीत करायला हवा: रिकाम्या वाक्याची खूण इतर खुणांपेक्षा वेगळी असावी आणि ती बंद करताना कारण लिहावं लागावं. आम्ही तो केला आहे. कारणाच्या चौकटीत लोक नुसता पूर्णविराम टाकतात, हेही खरं.

टिप्पण्या लपवण्याची सवय मी सोडली. भाषांतर करणारीनेही काही वेगळं करायला हवं होतं का? समन्वयकाचं मत असं की शंका असलेलं वाक्य तिने पाठवायलाच नको होतं. मला ते पटत नाही. तिने शंका लिहून ठेवली होती, फरक ओळखला होता, आणि चुकीचं पण सुबक वाक्य रचून तो झाकला नव्हता. "मऊ ब्रशने नीट घासा" असं तिने लिहिलं असतं तर मी कौतुक करून पुढे गेले असते, आणि चूक कुठे झाली हे नंतरही शोधता आलं नसतं.

मूळ इंग्रजी लिहिणाऱ्यालाही थोडं म्हणता येईल. दोन जवळची क्रियापदं शेजारी ठेवून फरक वाचकावर सोडणं इंग्रजी वाचकासाठीही धोक्याचंच आहे. उत्पादकाने पुढच्या आवृत्तीत इंग्रजी वाक्यातही साधनांची नावं घातली, हे आम्हाला नंतर कळलं.

सूचीतली एक ओळ अजून रिकामी आहे: शस्त्रक्रियेआधीचं हात धुणं, ज्याला इंग्रजीत स्क्रबच म्हणतात. पूर्वी तिथे खरोखर ब्रश असायचा. त्वचेला इजा होते म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांनी हातांसाठी ब्रश नको म्हटलं, पण शब्द मागे राहिला. 'हात घासणे' लिहिलं तर गेलेला ब्रश परत येतो. 'हात धुणे' लिहिलं तर कोपरापर्यंत, काही मिनिटं चालणारं काम जेवणाआधीच्या हात धुण्याइतकं उरतं. सध्या मुलीने तिथे 'हात चोळून धुणे' असं पेन्सिलीने लिहिलं आहे. मी त्यावर अजून सही केलेली नाही.